सत्त्याऐंशीव्या वर्षी आईला वाळवणाचे काम करू द्यावे का?

महालकर, नागपूर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझी आई ८७ वर्षांची आहे आणि महाल भागातील आमच्या जुन्या दोन मजली घरात आम्ही सगळे एकत्र राहतो. लग्न होऊन या घरात आल्यापासून दर उन्हाळ्यातील कुरडया, ज्वारीचे धापोडे, सरगुंडे आणि मूगवड्या तिच्याच हातच्या असतात. आमचे घर, अमरावतीची बहीण, पुण्याचा भाऊ आणि अलीकडे पैसे देऊन आग्रहाने मागणारे शेजारी, एवढ्यांचे वाळवण ती करते. गहू तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे उठून हाटून गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवरच्या कापडावर कुरडया घालायच्या, हा सगळा क्रम तिच्या देखरेखीखाली, आणि पुष्कळसा तिच्याच हातांनी, पार पडत असे.

गेल्या मे महिन्यात गच्चीवर असताना तिला भोवळ आली. कठड्याचा आधार घेऊन ती खाली बसली, त्यामुळे इजा झाली नाही. परंतु तपासणाऱ्या डॉक्टरांनी आता पूर्ण आराम द्या असे सांगितले आणि आम्ही ते तंतोतंत पाळले. स्वयंपाकघर माझ्या पत्नीने पूर्णपणे आपल्याकडे घेतले, वरच्या कामाला बाई ठेवली, आणि आईने काही उचलायला हात पुढे केला की घरातले कोणीतरी धावून जाऊ लागले. दिवाळीपर्यंत तिच्यात पडलेला फरक डोळ्यांना दिसू लागला. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाताना ती भिंतीला हात लावू लागली, दिवसा झोपू लागली आणि रात्री जागी राहू लागली. कोणती भाजी काय भावाने आली हे पूर्वी आम्हाला सांगणारी आई आता आज जेवायला काय आहे हेही विचारत नाही. रक्ताचे सगळे अहवाल चांगले आहेत. एकदा ती एवढेच म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी मिळून मले या घरात पाहुणी करून टाकलं."

आता संक्रांत झाली आहे, आणि परवा तिने मला इतवारीतून गहू आणायला सांगितले. पत्नीचे म्हणणे आहे की तिला करू द्यावे. भाऊ फोनवर विचारतो की ती जिन्यावरून पडली तर जबाबदारी कोणाची, आणि त्याचेही चुकते असे मला म्हणता येत नाही. इतक्या वयात कष्टाचे काम शरीराला झेपते का, आणि झेपत असेल तर ते कोणत्या बेताने करू द्यावे, याविषयी जाणकारांनी आणि स्वतः या वयाच्या मंडळींनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

भौतिकोपचारतज्ज्ञ, धरमपेठ

मी भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे फिजिओथेरपिस्ट आहे आणि वृद्धांबरोबरच काम करते, त्यामुळे आपण वर्णन केलेले चित्र मला जवळजवळ दर आठवड्याला पाहायला मिळते. आधी शरीरात काय घडते ते सांगते, कारण ते समजले की पुढचा निर्णय सोपा होतो.

उतारवयात स्नायू झिजत जातात हे सर्वांना माहीत असते. पण ही झीज दरवर्षी थोडीथोडी अशी समान गतीने होत नाही, अंथरुणावर काढलेल्या काळात ती एकदम पुष्कळ होते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू घटला. ही माणसे आजारी नव्हती, फक्त झोपून होती. आपल्या आई अंथरुणाला खिळलेल्या नाहीत हे खरे, पण जी बाई दिवसातून अनेक वेळा पाटावरून उठत-बसत होती, जिना चढत होती आणि परात उचलत होती, तिची ही सगळी हालचाल एका आठवड्यात बंद झाली, तर मांड्यांच्या आणि नितंबांच्या स्नायूंना ती सक्तीची रजाच वाटते. भिंतीला हात लावून चालणे ही त्याची पहिली खूण असते.

याची दुसरी बाजू मात्र मनाला उभारी देणारी आहे. १९९० साली बोस्टनमधील एका वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या अशक्त रहिवाशांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला गेला, तोही हलका नव्हे, चांगला जड. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदी ओलांडलेला स्नायूही काम मिळाले की वाढतो, हे त्या अभ्यासाने जगाला दाखवून दिले. त्याच अभ्यासात व्यायाम थांबवल्यावर केवळ चार आठवड्यांत मिळवलेल्या ताकदीतील सुमारे ३२ टक्के घट झाली, हेही तितकेच लक्षात ठेवण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६५ वर्षांवरील सर्वांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल आणि त्याखेरीज किमान तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम सांगितले आहेत. त्या सूचनांत वयाची वरची मर्यादा घातलेली नाही.

म्हणून 'पूर्ण आराम' हा शब्दप्रयोग मी या वयात फार जपून वापरते. भोवळ आली तर तिचे कारण शोधले पाहिजे, आणि कारण सापडेपर्यंत गच्ची बंद ठेवणे योग्यच आहे. परंतु गच्ची बंद करणे आणि माणसाच्या हातातले सगळे काम काढून घेणे यांत फार मोठे अंतर आहे.

घरच्या घरी दोन गोष्टी पाहा. हात न लावता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला आईंना किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, किंवा हात लावल्याशिवाय उठताच येत नसेल, तर पायांतील ताकद कमी झाली आहे असे समजा. मग त्यांना पाच मिनिटे आडवे झोपवून रक्तदाब मोजा, उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, किंवा खालचा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर भोवळीचे कारण तिथेच असू शकते, आणि ते आकडे घेऊन डॉक्टरांना भेटा.

जेवणाकडेही पाहा. या वयात पुष्कळ आया चहा, वरण-भात आणि दोन घास पोळी यांवर दिवस काढतात. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर ज्येष्ठांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ४५ किलो वजनाच्या बाईला ४५ ते ५४ ग्रॅम. वाटीभर वरणातून पाच-सात ग्रॅम मिळतात, कपभर दुधातून साधारण तेवढीच. हिशोब केलात तर किती कमी पडते ते लगेच ध्यानात येईल. प्रथिने पुरेशी नसतील तर व्यायाम करूनही स्नायू फारसा भरत नाही.

चष्म्याबद्दलही सांगते, कारण तो कोणी विचारात घेत नाही. दूरचे आणि जवळचे एकाच काचेतून दाखवणारा चष्मा लावून जिना उतरताना खालची पायरी काचेच्या जवळच्या भागातून दिसते आणि धूसर होते. जिन्यासाठी फक्त दूरचा चष्मा वेगळा ठेवा, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा मारून घ्या.

एक डॉक्टर, नागपूर

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. मी फक्त उन्हाबद्दल लिहितो, कारण नागपुरात हा विषय वगळून वाळवणाचा विचार करताच येणार नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नित्याचे आहे, आणि वाळवणाला नेमके तेच ऊन हवे असते. वाढत्या वयात तहानेची जाणीव बोथट होते, घाम कमी येतो आणि त्वचेकडे रक्त वळवून शरीर थंड करण्याची हृदयाची क्षमताही घटते. त्यामुळे ८७ वर्षांच्या व्यक्तीला पाणी हवे आहे हे तिला स्वतःला उशिरा कळते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातील पाणी आणि मीठ दोन्ही आणखी उतरतात. मे महिन्यातील भोवळीच्या वेळी आई कोणत्या गोळ्या घेत होत्या, हे आपण लिहिलेले नाही. गोळ्यांची पूर्ण यादी, आयुर्वेदिक आणि झोपेच्या गोळ्यांसह, डॉक्टरांसमोर ठेवा आणि उन्हाळ्यासाठी मात्रा बदलायची आवश्यकता आहे का ते स्पष्ट विचारा. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

उन्हात राहायचे ते वाळवणाने, माणसाने नव्हे. घालण्याचे काम सकाळी आठ-साडेआठपर्यंत संपवा, त्यानंतर आईंनी गच्चीवर थांबू नये, आणि उलटण्या-काढण्याला घरातील तरुणांनी जावे. कामाच्या आधी एक पेला पाणी किंवा मीठ घातलेले ताक द्यावे, मधे एक द्यावे. तहान लागण्याची वाट पाहू नये. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितले असेल, तर हे प्रमाणही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. पहाटे चीक हाटताना स्वयंपाकघरात जी वाफ आणि आच असते तीही ऊनच समजा, खिडकी उघडी ठेवा. कूलरचा उपयोग एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चांगला होतो; जूनमध्ये हवेत दमटपणा आला की त्याचा गारवा जवळजवळ नाहीसा होतो, आणि ते दिवस वृद्धांना अधिक त्रासाचे जातात. अंग तापले आहे आणि बोलण्यात असंबद्धता आली आहे असे दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता अंग ओले करून वारा घालत थेट रुग्णालय गाठा.

संत्राबागायतदार, काटोल तालुका (सध्या मुक्काम नंदनवन, नागपूर)

तुम्ही या वयाच्या मंडळींनी लिहावे असे म्हटले आहे, म्हणून लिहितो. माझे वय ८४ आहे. वडिलोपार्जित संत्र्याची बाग काटोलकडे आहे आणि मी मुलाकडे नंदनवनात राहतो. आठवड्यातून दोनदा गणेशपेठच्या बसस्थानकावरून एस.टी.ने बागेत जातो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील सर्वांना राज्यात एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे, त्यामुळे मुलाकडे मोटारीसाठी किंवा पैशासाठी शब्द टाकावा लागत नाही. ही सवलत म्हणजे केवळ तिकिटाची बचत आहे असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या वयाला येऊन पाहावे. आपल्या इच्छेने घराबाहेर पडता येणे ही फार मोठी गोष्ट आहे.

पूर्वी मी फवारणीचा पंप पाठीवर घेत असे, फळांच्या पेट्या उचलत असे. ते आता होत नाही आणि त्याचे मला दुःखही नाही. आता माझे काम पाहण्याचे आहे. सकाळच्या उन्हात एकेका झाडाच्या बुंध्याशी थांबतो. कलमाच्या जोडाजवळ साल भेगाळली आहे का, तिथून डिंकासारखा चिकट स्राव ओघळतो आहे का, हे वाकून, हात लावून पाहतो. डिंक्या रोगाची सुरुवात लांबून दिसत नाही. जिथे शंका येते त्या झाडावर खडूने खूण करतो, आणि मग गडी ती साल खरवडून बोर्डो मलम लावतो. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे प्रमाण मात्र माझ्यासमोरच कालवले जाते. हे करताना दोन-अडीच तास माझे चालणे होते आणि कितीतरी वेळा वाकणे-उठणे होते. व्यायाम म्हणून कोणी मला एवढे करायला सांगितले असते तर मी चार दिवसांत सोडून दिले असते.

परंतु मला खरे सांगायचे आहे ते याहून वेगळे आहे. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, धरायचा असला की उन्हाळ्यात झाडांना पाणी तोडून ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत अधिक दिवस लागतात, आणि आमच्या बागेत दोन्ही प्रकारची जमीन आहे. कोणत्या ओळीचे पाणी कधी तोडायचे आणि कधी सोडायचे, हे अजून मुलगा मला विचारून ठरवतो. आमच्यात मतभेद होतात, एखाद्या वर्षी त्याचे म्हणणे मी मान्यही करतो. पण तो विचारतो. तुमच्या आईंनी 'पाहुणी' असे म्हटले ते वाचून मी बराच वेळ थांबलो, कारण पाहुण्याला सगळे मिळते, फक्त त्याला कोणी काही विचारत नाही. आमच्या वयाचे माणूस खचते ते बहुधा इथून. तुमच्या आईंचे हात दुखत असतील तर सोऱ्या दुसऱ्याने फिरवावा. पण चीक शिजला की नाही हे ओल्या बोटाने पाहून सांगायचे काम त्यांचेच राहिले पाहिजे, आणि त्यांनी अजून थोडा हाटा म्हटले तर अजून थोडा हाटलाच पाहिजे.

महर्षी कर्वे यांचे उदाहरण आमच्या पिढीला लहानपणापासून सांगितले गेले. १९१६ साली महिला विद्यापीठ काढले तेव्हा ते ५८ वर्षांचे होते, म्हणजे आज लोक निवृत्त होतात त्या वयाचे. त्यानंतर ७८व्या वर्षी, १९३६ साली, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि ८६व्या वर्षी, १९४४ साली, समता संघ. १९५८ साली शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली वयाच्या १०५व्या वर्षात ते गेले. एवढे आयुष्य आणि एवढी प्रकृती सर्वांना लाभत नाही हे मी जाणतो. मला त्यांच्याकडून घ्यावेसे वाटते ते एवढेच, की त्यांनी प्रत्येक टप्प्यावर आपल्याला झेपेल असे नवे काम शोधले, जुनेच काम जुन्याच जोमाने करण्याचा हट्ट धरला नाही.

दुपारी जेवल्यावर मी तासभर झोपतो. आराम वाईट नाही, तो आपला आपण घेतलेला असावा.

असंघटित कष्टकरी स्त्रियांमध्ये काम करणारी एक कार्यकर्ती

वरील सर्व प्रतिसाद मनापासून वाचले. काही गोष्टी त्यात आलेल्या नाहीत, म्हणून लिहिते आहे, आणि त्या थोड्या कठोर वाटल्या तरी प्रश्नकर्त्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

आपल्या शहरात पहाटे कॉटन मार्केटला गेलात तर सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाया कोथिंबिरीच्या जुड्या बांधताना, लसूण निवडताना, डोक्यावरून पाट्या नेताना दिसतील. त्यांच्यापैकी अनेकींना गुडघ्यांनी केव्हाच जवाब दिला आहे. त्या कामसू आहेत यात शंका नाही, परंतु त्या या वयात राबतात ते घरी बसले तर चूल पेटत नाही म्हणून. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना दरमहा १५०० रुपये मिळतात. एवढ्यात एका माणसाचा महिना कसा निघतो याचा हिशोब प्रत्येकाने करून पाहावा. 'म्हातारपणीही किती काम करतात' असे त्यांचे कौतुक कोणी केले की मला ते ऐकवत नाही. वृद्धापकाळातील श्रम आरोग्याला पोषक असतात हे विधान मला मान्य आहे, पण त्याला एक अट आहे, ती म्हणजे ते श्रम नाकारण्याची मोकळीक त्या माणसाला असली पाहिजे.

ही अट सुखवस्तू घरांनाही लागू होते, किंबहुना तिथे ती जास्त तपासावी लागते, कारण तिथे सक्ती दिसत नाही. तुमच्या आई चार घरांचे वाळवण करतात असे तुम्ही लिहिले आहे. ही चार घरे त्यांनी स्वतः ठरवली आहेत का? या वर्षी नको असे त्यांनी म्हटले तर पुण्या-अमरावतीचे लोक नाराज होतील, ही भीती त्यांच्या मनात आहे का? शेजारी पैसे देतात, ते पैसे आईंच्या हातात पडतात का, आणि त्यांचे काय करायचे हे त्या ठरवतात का? आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या बाईला नाही म्हणायची सवयच उरलेली नसते. म्हणून काम करू द्यावे की थांबवावे हा निर्णय मुला-मुलींनी आपापसांत फोनवर घेऊ नये. आईंना एकट्यात, निवांत विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

आणखी असे की, कामात असणे म्हणजे अंग मोडूनच काम करणे असे नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली, आणि साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बाया गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन तिथे अक्षरे गिरवू लागल्या. केरळातील कार्त्यायनी अम्मा यांनी २०१८ साली वयाच्या ९६व्या वर्षी साक्षरतेच्या परीक्षेत शंभरपैकी ९८ गुण मिळवले. तुमच्या आईंना वाळवणाखेरीज आणखी काय करावेसे वाटते, हेही त्यांना कधी कोणी विचारले नसण्याचा संभव आहे.

महालकर, नागपूर

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. मधल्या काळात जे झाले ते कळवतो.

झोपून आणि उभे राहून रक्तदाब मोजला तेव्हा वरचा आकडा उभे राहताच बराच उतरत होता. ते आकडे आणि गोळ्यांची यादी घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका गोळीची मात्रा कमी केली, रात्री लघवीला उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायला सांगितले, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले आहे. खुर्चीवरून मात्र आईला हात लावल्याशिवाय उठताच आले नाही.

कार्यकर्त्या ताईंनी विचारलेले प्रश्न मी आईला विचारले. शेजाऱ्यांचे पैसे तिच्याच पत्र्याच्या डब्यात जातात आणि नातवंडांच्या वाढदिवसाला त्यातून निघतात, ते मला माहीत होते. मात्र घरांबद्दल तिने जे सांगितले ते मला अगदी नवे होते. ती म्हणाली, "पुण्याले आता सारं विकत भेटते, तिथं नाही पाठवायचं. आपलं घर अन् शेजारच्या दोघी, एवढंच करीन. अमरावतीवालीनं इथं यावं अन् बसून शिकावं." भावाला हे सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प झाला आणि मग हसला, परंतु गच्चीबद्दलचे त्याचे म्हणणे कायम आहे. बहीण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येणार आहे. चीक मी हाटणार, सोऱ्या ती फिरवणार, आणि आई शेजारी खुर्चीवर बसून सांगणार, असे सध्या ठरले आहे. गहू आणले आहेत. बंसी गहू आणायला हवा होता म्हणून तिने मला बरेच बोलून घेतले, आणि तो बदलून आणायला उद्या मी पुन्हा इतवारीत जाणार आहे.

भौतिकोपचारतज्ज्ञ ताईंना एक विचारायचे आहे. हात न लावता उठता येत नाही, अशा अवस्थेत एप्रिलपर्यंत घरी काय करून घ्यावे, आणि गच्चीवर जाण्याचा विचार केव्हा करावा?

भौतिकोपचारतज्ज्ञ, धरमपेठ

रक्तदाबाचे कारण हाती लागले हे फार चांगले झाले. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि तिच्यावर घट्ट उशा किंवा दुमडलेली सतरंजी घालून बसण्याची जागा इतकी उंच करा, की आईंना हात न लावता जेमतेम उठता येईल. त्या उंचीवरून सहा ते आठ वेळा उठायचे, सावकाश बसायचे, थोडे थांबून पुन्हा तेवढेच, असे एक दिवसाआड करून घ्या. उठणे सोपे वाटू लागले की एक घडी काढून उंची कमी करा. त्याबरोबर ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलण्याचा व्यायाम रोज द्या. पहिले काही आठवडे शेजारी कोणीतरी उभे राहावे. छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली तर लगेच थांबवावे. हे करून पाहण्याआधी एकदा जवळच्या भौतिकोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवले तर अधिक बरे, कारण गुडघे मी इथून पाहू शकत नाही.

साध्या उंचीच्या खुर्चीवरून पाच वेळा हात न लावता उठता येऊ लागले, आणि उभे राहिल्यावर रक्तदाब टिकू लागला, की जिन्याचा विचार करा, तोवर नाही. एप्रिलपर्यंत तेवढे जमले नाही तर कुरडया खालच्या अंगणात बाजेवर घाला. महालातील जुन्या घरांच्या अंगणात सकाळी दहा ते दुपारपर्यंत पुरेसे ऊन येते, वाळायला एखादा दिवस अधिक लागेल इतकेच. आपल्या भावाच्या काळजीवर उपाय म्हणून जिन्याला मात्र आताच दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घ्या, आणि सुताराला किंवा लोहाराला सांगताना तो शेवटच्या पायरीच्या पुढे हातभर न्यायला सांगा, कारण पायऱ्या संपल्या असे समजून माणूस हात सोडतो आणि अनेकदा तोल जातो तो तिथेच.